चार जामीनदार

बँकेत कर्जखात्यावर वीस वर्षे काढलेल्या माणसाला जगाकडे सरळ नजरेने पाहता येत नाही. कोणी नवा माणूस भेटला की त्याचे नाव-गाव विचारण्याआधी मनात येते, 'याला जामीन कोण?' यंत्रांशी माझा संबंध पंख्याचे बटण आणि सायकलची चेन, इतपतच. तरीही आमच्या सोसायटीतल्या नानांनी आपल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन पार्किंगमध्येच खोलायचे ठरवले, तेव्हा सल्ल्याला त्यांनी मला बोलावले. कोणाचाच सल्ला ऐकायचा नसला, की नाना त्या विषयातले काही न कळणाऱ्या माणसाला बोलावतात.

गाडी १९८६ सालची. कुर्ल्याचा तो कारखाना या गाड्या काढायचा थांबला त्याला पाव शतक लोटले, मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली, आणि नानांचा मेकॅनिक तर त्याच्याही आधी गावी गेला. हल्लीची पोरे बॉनेट उघडून आत लेणी पाहावीत तशी पाहतात आणि 'काका, कॉम्प्युटर कुठे जोडायचा?' असे विचारतात. "करणारं कोणी उरलं नाही," नाना म्हणाले, "म्हणजे मीच उरलो." वय वर्षे त्र्याहत्तर.

नानींनी मला जिन्यात गाठले. "भाऊ, इंजिन पडलं तर पडू दे हो. फक्त हे खाली असताना नको पडायला."

तेव्हापासून हा विषय माझ्यासाठी यंत्रशास्त्राचा उरला नाही. तो तारणाचा झाला.

आपल्याकडे गाडीतून काढलेले इंजिन जुन्या टायरवर बसवायची पद्धत आहे. पद्धत उत्तम, पण तिला कंबर लागते, आणि नानांची कंबर रजेवर असते. म्हणून इंजिन स्टँड. म्हणजे चाकांवरचा एक लोखंडी खांब, त्याला वर एक फिरती थाळी, थाळीला चार हात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेले असतात तिथल्या भोकांत हे चार हात बोल्टने पकडायचे. मग इंजिन हवेत, आणि दांडा फिरवला की उताणे किंवा पालथे, तान्ह्या बाळासारखे. मात्र आधी क्लच आणि फ्लायव्हील उतरवावे लागते, नाहीतर ते थाळीच्या आड येते.

स्टँड निवडताना नानांना तीन चाकांचा आवडला, कारण स्वस्त. मी म्हटले, "नाना, तीन चाकांची रिक्षा वळणावर कशी कलते ते पुण्यात राहून तुम्ही पाहिलं नाही?" हा युक्तिवाद लागू पडला. चार चाकांचा, रुंद पायांचा घेतला. त्यावर 'साडेचारशे किलो' अशी चिठ्ठी होती. अशा चिठ्ठ्या मी रोज पाहतो. कर्जाच्या अर्जात उत्पन्नाच्या रकान्यात लोक असेच काहीतरी लिहितात. म्हणून मी त्यातले निम्मेच धरले. तेवढेही पद्मिनीच्या १०८९ सीसीच्या इंजिनाला भरपूर होते.

स्टँडबरोबर चार बोल्ट फुकट मिळाले. फुकट मिळालेला जामीनदार पाहून माझे कान टवकारले. अख्खे इंजिन खांबाच्या एकाच बाजूला लोंबकळणार, आणि त्याला धरणार कोण? तर हे चौघे! कर्जदाराची आपण सात पिढ्यांची चौकशी करतो आणि जामीनदाराची सही चहा पिता पिता घेतो, तसलाच हा प्रकार.

चौकशी सुरू केली. पहिला प्रश्न कुळाचा. पद्मिनी इटालियन घराण्यातली, म्हणजे मिलिमीटरवाली. जुनी अँबॅसॅडर मॉरिसच्या वंशातली, म्हणजे इंचवाली. आमचे मिस्त्री अजून सुतात बोलतात. अडीच सुताचा बोल्ट आणि आठ मिलिमीटरचा बोल्ट शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात, फरक मिलिमीटरच्या सोळाव्या भागाएवढा. पण आटे वेगळे. चुकीचा बोल्ट दोन फेरे गोडीत फिरतो आणि तिसऱ्याला अडतो. तिथे पाना लावून जोर करणारा माणूस इंजिनाचेच आटे खाऊन टाकतो. दहाच्या बोल्टमध्ये तर घरातच दोन चुली: एकाचे आटे दीड मिलिमीटर अंतरावर, दुसऱ्याचे सव्वा. म्हणून गिअरबॉक्सचा जुना बोल्ट नमुन्याला खिशात घ्यावा. आम्ही याला 'सही पडताळणे' म्हणतो.

दुसरा प्रश्न ऐपतीचा. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा असतो. बँकेच्या माणसाला तो व्याजाचा दर वाटावा, पण अर्थ वेगळा. पहिला आठ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण आला की बोल्ट तुटणार, आणि दुसरा आठ म्हणजे त्याच्या ऐंशी टक्क्यांवरच तो कायमचा ताणला जाणार. आपण किती ओझ्याला मोडू हे कपाळावर लिहून हिंडणारा जामीनदार मी नोकरीत एकही पाहिला नाही. फुकटच्या चौघांची कपाळे कोरी होती.

तिसरा प्रश्न लांबीचा. हा आमच्या कॉमर्सचा. समजा दहाचा बोल्ट आहे. स्टँडच्या हाताची नळी ६० मिलिमीटर, वायसर ३, आणि बिडाच्या इंजिनात जाडीच्या दीडपट, म्हणजे १५ आत जायला हवा. बेरीज ७८. बाजारात मिळतो ७५ किंवा ८०. पंचाहत्तरवाला तुटीत, म्हणून ऐंशी. पण त्याहून लांब घ्याल तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो. पाना घट्ट लागतो, आपण खूश होतो, आणि प्रत्यक्षात त्याने काहीच धरलेले नसते. (असे जामीनदार मात्र मी पुष्कळ पाहिलेत.) नानांनी भोकाची खोली उदबत्तीच्या काडीने मोजली. नानींनी ती काडी पुन्हा देवघरात येऊ दिली नाही.

बोहरी आळीत दुकानदार बोल्ट काट्यावर टाकू लागला. "किती किलो देऊ?"

"चार नग," मी म्हणालो. "८.८चे."

"काय लटकवायचंय?"

"इंजिन. खाली हे बसणार आहेत."

त्याने नानांकडे पाहिले, काटा बाजूला सारला आणि आतल्या खणातून चार बोल्ट काढून एकेकाचे कपाळ आम्हाला दाखवले. शंभराची नोट दिली तर सुटे परत आले.

रविवारी इंजिन चढले. चेन ब्लॉक एकदम सोडला नाही. एक कडी, मग बोल्ट पाहा, पुन्हा एक कडी. शेवटच्या कडीला नानी स्वतः खाली आल्या, इंजिनाला हात लावून हलवून पाहिले आणि काही न बोलता वर चहा ठेवायला गेल्या. माझ्या मते कर्ज मंजूर झाले.

आता नाना रोज संध्याकाळी इंजिन उलटेपालटे करत बसतात. आतून आजवर सत्तेचाळीस बोल्ट निघाले आहेत. नोंद ठेवायला अर्थातच बी.कॉम. लागतो.