नेढ्यापर्यंतचं पाणी

माझं माहेर पुण्याचं, सासर बडोद्याचं. कॉलेजात असताना राजगडाच्या सुवेळा माचीवरच्या नेढ्यात बसून मी भाकरी खाल्ली आहे. डोंगराला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं, सुईच्या नेढ्यासारखं. लग्नानंतर गड सुटले, ते सुटलेच.

गेल्या ऑक्टोबरमध्ये लेकीकडे अमेरिकेत गेले होते. ती युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला असते. एक दिवस म्हणाली, "आई, चल, तुला इथलं नेढं दाखवते." कॅन्यनलँड्स राष्ट्रीय उद्यानाच्या ज्या भागात ती मला नेणार होती, त्याचं नाव 'नीडल्स', म्हणजे सुया! तिथल्या दगडी सुळक्यांवरून पडलेलं. नेढ्याचं नाव ड्रुइड आर्च. जाऊन-येऊन सुमारे १७ किलोमीटर. मला एकसष्टावं लागलेलं, म्हणून आम्ही अख्खा दिवस हाताशी ठेवला.

आदल्या रात्री मोआब गावातल्या मुक्कामी लेकीने पाणी मोजून भरलं. माणशी चार लिटर.

"वाटेत एखादं टाकं, झरा?" मी विचारलं. आपल्या गडांवर असतंच ना!

"भरवसा नाही. आणि हे बघ, अर्धं पाणी संपलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं. नेढं समोर दिसत असलं तरी."

मी डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी घेतली. मीठ-साखरेची पुडी आणि दोन लिंबंही टाकली. लेक हसली, "आई, त्याच्या गोळ्या मिळतात गं इथे." मी पुडी काढली नाही.

सकाळी निघालो तेव्हा बोटं गारठली होती. सुरुवातीला दगडी पायऱ्या, मग दोन खडकांमधल्या अंग चोरून जाण्याएवढ्या फटी. उघड्या कातळावर वाट दिसत नाही. कुणीतरी रचलेल्या दगडांच्या लहान लहान राशी शोधत पुढे जायचं. एके ठिकाणी बाजूच्या काळपट, खरबरीत मातीवर मी पाय टाकणार, तोच लेक ओरडली, "तिथे नको! ती माती जिवंत आहे." सूक्ष्म जीव वाळूचे कण धरून ठेवतात आणि हा थर तयार होतो. एका पावलाने मोडलेला थर पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात. मी पाय मागे घेतला.

मग एलिफंट कॅन्यनमध्ये उतरलो. दोन्ही बाजूंना तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या उंच भिंती, खाली कोरडं पात्र. पाय वाळूत रुततात, नाहीतर गोट्यांवरून घसरतात. मोबाइलला रेंज नाही. हवा इतकी कोरडी की घाम आलेला कळतच नाही, येतो तसा वाळून जातो. त्यामुळे तहानही कळत नाही. दर थोड्या वेळाने लेक म्हणायची, "आई, पाणी पी." मी प्यायचे.

साडेअकराच्या सुमारास ती सावलीत मटकन बसली. "काही नाही गं, डोकं जरा दुखतंय." पोटरीत गोळाही आला होता. मी तिची पिशवी उचलली आणि चरकले. पिशवी जड होती. चार लिटरमधलं जेमतेम अर्धा लिटर संपलेलं.

"हे काय?"

"तुझं संपलं तर असावं म्हणून ठेवलं."

मी इतकी चिडले की विचारू नका. "हे कुठून शिकलीस तू?" माझा आवाज भिंतींवर आपटून परत आला आणि मलाच ऐकू आला. शेवटची पोळी सगळ्यांना वाढून "मला भूकच नाही" म्हणणारी बाई तिने लहानपणापासून रोज बघितली होती. आणखी कुठून शिकणार?

लिंबू पिळलं, मीठ-साखर घातली, बाटली हलवून तिला घोट घोट पाजलं. भाकरी खायला लावली. "आता परत जाऊ," मी म्हटलं. तिने बाटल्या पुढ्यात मांडल्या. तिच्याकडे तीन लिटरहून जास्त, माझ्याकडे अडीच. "अर्धं अजून संपलेलं नाही. अर्धा तास थांबू. बरं वाटलं नाही, तर परत."

अर्ध्या तासाऐवजी पाऊण तास थांबलो. डोकं उतरलं, गोळा गेला. मग मी अट घातली: पाणी दोघींनी एकाच वेळी प्यायचं, घोटाला घोट.

शेवटचे चारेकशे मीटर खडी चढण आहे. मध्ये एक शिडी, पुढे हात टेकून चढायचं. गुडघा कुरकुरला. लेकीने वरून हात दिला, तो मी निमूटपणे धरला.

आणि समोर ते उभं होतं. जाड खांबांमध्ये दोन उंच, अरुंद भोकं. इंग्लंडच्या स्टोनहेंजची आठवण करून देणारं, म्हणून प्राचीन केल्टिक पुरोहितांचं, ड्रुइडांचं नाव. खडक २५ कोटी वर्षांहून जुना. लेक सांगत होती, हे नदीने कोरलेलं नाही. भेगांत शिरलेलं थोडंसं पाणी थंडीत गोठतं, फुगतं, दगड सुटत जातो. ज्या थोड्याशा पाण्यावरून आम्ही भांडलो होतो, तशाच पाण्याचं हे काम! आम्ही एकमेकींकडे बघून हसलो आणि एकेक घोट प्यायलो.

उजेड असतानाच गाडीपाशी परतलो.

आता मी बडोद्यात आहे. रोज रात्री लेकीचा फोन येतो. "आई, जेवलीस का?"

"जेवले. शेवटची पोळी दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली," मी सांगते. "तू पाणी प्यायलीस?"