तारेचा सूर

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे जर्मनीस जाण्याचा योग आला. तो बोगद्यांच्या कामावर इंजिनियर आहे. कोलोन शहरी त्याने आम्हांस एक जागा मुद्दाम दाखविली. 3 मार्च 2009 रोजी तेथे भुयारी रेल्वेच्या कामाशेजारी शहराचा दप्तरखाना कोसळला. दोन तरुण प्राणास मुकले. हजार वर्षांची कागदपत्रे ढिगाऱ्याखाली गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने आपला मोजणीचा डबा आमच्या हाती दिला. जमिनीत पुरलेल्या उपकरणात पोलादी तार ताणलेली असते. केबलीची टोके चिमट्यांनी डब्याला जोडली, की डबा विजेने ती तार छेडतो व तिची कंपने मोजतो. ताण वाढला की सूर चढतो, कमी झाला की उतरतो. अगदी सतारीसारखे! पहिल्या आकड्याशी आजचा ताडून पाहावयाचा, म्हणजे जमिनीचे मन कळते.

आम्हांस आमची धरणावरची नोकरी आठवली. पावसाळ्यातील एका रात्री गॅलरीत न उतरता आम्ही कालचाच आकडा वहीत लिहिला होता. सुदैवाने काही विपरीत घडले नाही. ही गोष्ट आम्ही घरी कधीच बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो.

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "पप्पा, हा डबा तारीख-वेळ स्वतःच नोंदवतो. पण आकडा पाहून काम थांबवा म्हणणारा माणूसच लागतो."

तेवढे शहाणपण आम्ही सोबत घेऊन आलो.