टीईटी पास, काम कंपनीत

"मॅडम, तुमचीबी परीक्षा हाय म्हणं? नापास झालात तर नोकरी जाती म्हणं?"

सप्टेंबरातल्या एका सकाळी शाळेच्या फाटकाशी एका पालकाने मला हे विचारलं. माणूस परभणीकडचा, चाकण एमआयडीसीत कंत्राटावर कामाला, तिसरी शिफ्ट संपवून परस्पर पोराला सोडायला आलेला. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याची थोरली मुलगी माझ्याकडे पहिलीपासून शिकली, आता धाकटा आहे. बाई बदलल्या तर पोराचं कसं होणार, एवढीच त्याची काळजी. मी काहीतरी उत्तर दिलं आणि वर्गावर गेले. पण तो प्रश्न अजून बोचतो आहे. कशामुळे बोचतो, ते कारण मात्र मधल्या काळात बदललं.

बातमी सगळ्यांना ठाऊक आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांनी दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हायचं, नाहीतर सेवा संपली. पाच वर्षांहून कमी काळ उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, बढती हवी तर त्यांनाही परीक्षा आहेच. हा खटला महाराष्ट्रातूनही वर गेलेला. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेची (एनसीटीई) टीईटी सक्तीची अधिसूचना २३ ऑगस्ट २०१० ची, आणि आपल्या राज्यात पहिली टीईटी झाली डिसेंबर २०१३ मध्ये. मी लागले २००१ साली, शिक्षण सेवक म्हणून, महिना तीन हजार रुपये मानधनावर. त्या अधिसूचनेतच आधी नेमलेल्या, नियमाप्रमाणे अर्हता असलेल्या शिक्षकांना सूट होती. आम्ही त्या सुटीवर विसंबून राहिलो यात आमचं काय चुकलं?

तेव्हा मला सरळसरळ अपमान वाटला. आमच्या वेळी बारावीला चांगले गुण असल्याशिवाय डी.एड.ला नंबर लागत नसे. पाठ टाचणाच्या वह्या, सूक्ष्म पाठ, सराव पाठ, मागे बसून निरीक्षण लिहिणाऱ्या मॅडम, छात्रसेवाकाल, हे सगळं करून आम्ही आलो. त्यानंतर जनगणना, मतदारयाद्या, शालेय पोषण आहार, यू-डायस, ऑनलाइन माहित्या, सगळं निभावलं. चाकणचा पट्टा वाढत गेला तसे वर्ग बदलले. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे या गावांतल्या शाळांत आज गावची मुलं कमी आणि कंपन्यांत कामाला आलेल्यांची जास्त. नांदेड, लातूर, बीड, बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड. छठला गावी गेलेलं पोर परत येईलच असं नाही, आणि आलं तर दुसऱ्याच खोलीतून, दुसऱ्याच शाळेत. अशा वर्गाला वाचायला शिकवणाऱ्या बाईला कुणी विचारतं, तुम्ही पात्र आहात का. ५ डिसेंबरला शिक्षक संघटनांनी शाळा बंद ठेवून आंदोलन केलं, तेव्हा मीही गेले होते आणि घोषणाही दिल्या. त्या घोषणा आजही मला चुकीच्या वाटत नाहीत.

पण अभ्यास तर करायला हवा होता. गणित, इंग्रजी, परिसर अभ्यास, मराठी आणि बालमानसशास्त्र, प्रत्येकी तीस प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. खुल्या प्रवर्गाला साठ टक्के, म्हणजे नव्वद गुण. ऐकायला सोपं वाटतं. २०२४ च्या परीक्षेचा निकाल चार टक्क्यांपर्यंतही पोचला नव्हता. मला एकटीला हे जमेना, म्हणून मी एका मुलीला फोन केला. ती आमच्या शाळेत छात्राध्यापिका म्हणून आली होती. खरं सांगायचं ते तिच्याबद्दलच आहे, आणि ते तिच्या प्रशिक्षणापासून सुरू होतं.

२०१४ च्या एनसीटीई नियमांनी डी.एल.एड.ला, म्हणजे आमच्या वेळच्या डी.एड.ला, वीस आठवड्यांचा शालेय अनुभव सक्तीचा केला, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. आंतरवासिता म्हणतात तिला. नियम उत्तम आहे. त्याआधी २०१२ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या आयोगाने देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाचं चित्र मांडलं होतं. तो आयोग सर्वोच्च न्यायालयाने नेमला त्याचं निमित्तही महाराष्ट्रातलंच, २९१ डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा वाद. गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली तो काळ आपण पाहिला आहे. इमारतीला पाटी, आत दोन खोल्या. पालकांनी शेत गहाण टाकून फी भरली.

२०१७-१८ ला एका खासगी कॉलेजच्या मुली आंतरवासितेसाठी आमच्याकडे पाठवल्या होत्या. यादीत नावं बरीच होती, रोज येणाऱ्या मोजक्या. बाकीच्यांनी 'नॉन अटेंडिंग' प्रवेश घेतलेला. म्हणजे पूर्ण फी भरायची, कॉलेजला यायचं नाही, शाळेतही जायचं नाही, परीक्षेला तेवढं हजर व्हायचं. सोळा आठवडे संपत आले तसा कॉलेजचा एक माणूस हजेरीपत्रकं घेऊन आला. सगळ्या रकान्यांत आधीच 'उ' भरून आणलेला, फक्त मार्गदर्शक शिक्षकाची, म्हणजे माझी, आणि मुख्याध्यापकांची सही बाकी. मी म्हटलं, ज्या आल्या त्यांच्याच पत्रकांवर सही करीन. तो हसला नाही, चिडलाही नाही. "मॅडम, सगळीकडे करतात, तुम्हाला काय त्रास आहे?" एवढंच म्हणाला. मुख्याध्यापकांनी मला साथ दिली. पत्रकं सहीविना परत गेली. पुढच्या वर्षी त्या कॉलेजने आमच्या शाळेत एकही मुलगी पाठवली नाही. आणि ज्या आल्याच नव्हत्या त्या मुली यथावकाश पास झाल्याचं मला कळलं. त्यांच्या वह्यांवर सही कुणी केली असेल?

या प्रसंगावरून मला त्या मुलींचा राग कधीच आला नाही. कॉलेजचा आला, आणि त्याहून जास्त व्यवस्थेचा आला, जिने सोळा आठवडे सक्तीचे केले पण त्या सोळा आठवड्यांत एकदाही कुणी अधिकारी येऊन पाहत नाही की वर्गात छात्राध्यापिका उभी आहे की नाही. राज्य सगळं लक्ष शेवटच्या परीक्षेवर लावतं, आणि शिक्षक जिथे घडतो तिथे फिरकत नाही.

मी जिला फोन केला ती मुलगी मात्र रोज यायची. चासकमान धरणाकडचं गाव तिचं. खराबवाडीत मावशीकडे राहायची आणि प्रार्थनेच्या आधी शाळेत हजर असायची. सुरुवातीला तिचा आवाज वर्गाच्या शेवटच्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. तिचा पहिला पाठ साफ कोसळला. तक्ते सुंदर, फ्लॅश कार्डं सुंदर, आणि मुलं खिडकीबाहेर बघत बसलेली. मधल्या सुट्टीत ती रडली. मी तिला एवढंच सांगितलं, उद्या तक्ता आणू नकोस, मुलांकडे बघ.

पहिलीच्या वर्गात हिंदी-भोजपुरी बोलणारी मुलं होती. त्यांना ळ उच्चारता येत नव्हता, त्यामुळे लिहिताही येत नव्हता. शाळा म्हटलं की शाला, फळा म्हटलं की फला. मी वर्षानुवर्षं 'पुन्हा म्हण, पुन्हा म्हण' करून घेत आले होते. ही मुलगी दुसऱ्या आठवड्यात घरून छोटे आरसे घेऊन आली. एकेका मुलाच्या हातात आरसा दिला, स्वतः तोंड उघडून जीभ वर, मागे वळवून दाखवली, मग मुलांना आपापली जीभ आरशात बघायला लावली. वर्गभर हसू. आधी नुसती जीभ वळवायची, मग आवाज काढायचा, मग अक्षर. जे पोर लवकर शिकलं त्याला तिने शेजारच्याला शिकवायला बसवलं. त्या आठवड्यात बिहारची ती मुलं मोठमोठ्याने 'बाळ, केळ, फळ' ओरडत व्हरांड्यातून पळत होती. आज माझ्या कपाटात आरशांचा एक डबा आहे, दर वर्षी जूनमध्ये मी तो काढते.

२०१८ च्या जुलैतली टीईटी ती पास झाली. आता नोकरी मिळायला हरकत नव्हती. पण २ मे २०१२ पासून राज्यात शिक्षकभरतीवर बंदी होती, मग भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं, आणि पोर्टलवर जायला टीईटी पुरत नाही, अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी वेगळी द्यावी लागते. ती चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली होती. तेव्हा ही आमच्याच वर्गात पाठ घेत होती, तिचं शिक्षण पूर्ण व्हायचं होतं. पुढची चाचणी कधी? फेब्रुवारी २०२३. पाच वर्षं. या पाच वर्षांत अर्ज करायला जागाच नव्हती. ती नापास झाली नाही, तिला कुणी नाकारलं नाही, तिला परीक्षेलाच कुणी बसवलं नाही. पात्र उमेदवाराला पाच वर्षं दाराबाहेर उभं करण्याचा अधिकार राज्याला कुणी दिला? यावर मी कितीही लिहिलं तरी माझं समाधान होत नाही.

२०१९ मध्ये तिने ठेकेदारामार्फत एका कंपनीत काम धरलं. वायरिंग हार्नेसची लाइन, दिवसभर उभं राहून वायरी बोर्डावर बसवायच्या. लॉकडाऊनमध्ये तेही गेलं, पुन्हा मिळालं. त्याच सुमारास, डिसेंबर २०२१ मध्ये, टीईटीचा घोटाळा उघड झाला. पैसे घेऊन अपात्रांना पात्र केल्याचं पुणे सायबर पोलिसांच्या तपासात पुढे आलं, परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली, आणि २०२२ मध्ये साडेसात हजारांहून जास्त उमेदवारांवर परिषदेने कारवाई केली. तिच्या लाइनवरच्या बायका तिला विचारायच्या, "तू किती दिलेस गं?" तिने एक रुपया दिला नव्हता. पण हे ती कुणाकुणाला पटवून देणार?

२०२३ ची चाचणी तिने बारा तासांच्या शिफ्टा करत दिली. त्याच वर्षी जुलैत शासनाने जिल्हा परिषद शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना वीस हजार मानधनावर घ्यायचा निर्णय काढला. निवृत्त शिक्षकांबद्दल मला आदर आहे, त्यांतले काही माझे गुरू आहेत. पण शाळेत जागा रिकामी, शेजारच्या कंपनीत पात्र शिक्षिका वायरी बसवते आहे, आणि आपण निवृत्तांना घरून बोलावतो, हे कोणत्या हिशेबात बसतं? फेब्रुवारी २०२४ ला पवित्रची यादी लागली. तिचं नाव आलं नाही.

तर अशा मुलीला मी फोन केला, की मला टीईटी शिकव. क्षणभर ती गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, गुरुवारी या." आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी, त्यामुळे गुरुवारी शाळा सुटल्यावर मी चिखलीला घरी जाण्याआधी तिच्या खोलीवर जायचे. ती मला आधीच्या प्रश्नपत्रिका सोडवायला लावायची, घड्याळ लावून. कालमापनाची गणितं, इंग्रजीचे उतारे, पर्याय कसे गाळायचे. एके दिवशी व्हायगॉट्स्कीचं समीपस्थ विकासाचं क्षेत्र आलं: मूल एकटं जे करू शकत नाही पण मोठ्याच्या किंवा जाणत्या सोबत्याच्या मदतीने करू शकतं, ती जागा. मी वाचता वाचता थांबले. आरसे हातात घेतलेली मुलं डोळ्यांसमोर आली. त्या पाठाचं शास्त्रातलं स्पष्टीकरण मला इतक्या वर्षांनी मिळत होतं, तेही जिने तो पाठ घेतला तिच्याकडून. एका परीने मला हा अभ्यास आवडू लागला होता. शिक्षकाने अधूनमधून अभ्यास करावा, परीक्षाही द्यावी, याला आता माझा तितका विरोध उरलेला नाही. सक्तीला आहे, नोकरीवर टांगती तलवार ठेवण्याला आहे. आणि दीडशे गोळे काळे करून शिक्षक पात्र ठरतो या समजुतीला तर कायमच राहील.

२३ नोव्हेंबरला परीक्षा झाली. वर्गात माझ्या मुलीच्या वयाच्या मुली होत्या आणि माझ्या वयाच्या बायकाही. जिने मला शिकवलं तिला या परीक्षेची गरज नव्हती. २०२१ च्या निर्णयाने टीईटीचं प्रमाणपत्र आता आयुष्यभर ग्राह्य आहे. त्या दिवशी रविवार, म्हणजे ती लाइनवर होती. पेपर कसा गेला ते विचारायला संध्याकाळी तिचा फोन आला.

हे लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही. मी पास झाले तर ठीक, नाही झाले तर मुदत संपेपर्यंत पुन्हा बसेन. माझं काय व्हायचं ते होईल, माझी बरीच सेवा झाली आहे, तिची अजून सुरूच व्हायची आहे. २०२५ च्या मे-जूनमध्ये झालेली अभियोग्यता चाचणीही तिने दिली आहे आणि पुढच्या यादीची वाट पाहते आहे.

शिक्षण खात्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. आंतरवासितेच्या काळात न सांगता शाळेत या, हजेरीपत्रकाशी वर्गातली माणसं ताडून बघा, आणि नॉन अटेंडिंग चालवणाऱ्या कॉलेजची मान्यता काढा. अभियोग्यता चाचणी दर वर्षी घ्या आणि तिची तारीख आधी जाहीर करा. परीक्षा पास व्हायला आम्हाला दोन वर्षांची मुदत घालून दिली आहे. पात्र उमेदवाराला वर्गात उभं करायला शासनानेही स्वतःला तशीच एक मुदत घालून घ्यावी.