समुद्रात वाट कशी सापडते?

मैत्रिणींनो, बीडच्या बाईनं समुद्राविषयी लिहावं हे जरा नवलच. आम्ही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी माणसं. आमचा समुद्र म्हणजे माजलगावचं धरण, तेही भरलं तर! पण घरातली मुलगीच शिडाच्या बोटीवर निघाली म्हणजे आईला सगळं समजून घ्यावं लागतं.

माझी धाकटी गोव्यात नोकरी करते. सुटीच्या दिवशी जाऊन जाऊन शिडाची बोट चालवायला शिकली. आता डिसेंबरात पाचजण मिळून एक बोट मुंबईला नेणार आहेत, आणि वाट दाखवायचं काम हिच्याकडे. घरात जो गोंधळ झाला म्हणता! सासूबाईंनी एकच लावून धरलं, "अगं, तिथं ना रस्ता ना पाटी. वाट सापडते कशी?"

दिवाळीला आली तेव्हा तिनं लॅपटॉप उघडून आम्हांला दाखवलं. पडद्यावर किनाऱ्याचा नकाशा आणि पाण्यात जागोजागी खोलीचे आकडे. उपग्रहांच्या संदेशावरून यंत्राला अक्षांश-रेखांश कळतात आणि आपली बोट नकाशावर सरकताना दिसते. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले, की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. आणि गंमत पाहा, बीड आणि मुंबई दोन्ही साधारण १९ अंशांवर! म्हणजे इथून नाकासमोर पश्चिमेला निघालं तर थेट मुंबईच. इतकी वर्षं इथं राहून हे मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सगळं यंत्रच सांगतं, तर माणसानं करायचं काय? मीही तेच विचारलं. तर यंत्र गोव्यापासून मुंबईपर्यंत सरळ रेघ मारून मोकळं होतं. पण वारा समोरून असला की शिडाची बोट सरळ जाऊच शकत नाही. थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, अशी नागमोडी न्यावी लागते. हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर दुपारी वायव्येचा वारा तोंडावर येतो. रात्री उशिरा आणि पहाटे जमिनीकडून येतो तो मतलई. त्याच्यावर जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं. शिवाय कोळ्यांची जाळी आणि बिनदिव्याच्या होड्या त्या नकाशात नसतात. म्हणून रात्रभर कुणीतरी वर डोळ्यांत तेल घालून बसायचंच.

मग तिनं आपण होऊन एक गोष्ट सांगितली. २०१४ च्या नोव्हेंबरात जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली 'टीम वेस्टास विंड' ही बोट मॉरिशसच्या उत्तरेकडच्या प्रवाळखडकांवर रात्री आदळली. बोटीवर उत्तम यंत्रं, कसलेले खलाशी. पण पडद्यावर नकाशा लहान करून पाहिला की ते खडक दिसतच नव्हते आणि तो मोठा करून कुणी नीट तपासला नाही. नऊच्या नऊ माणसं वाचली हे नशीब. ऐकून माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू? पण तिनं हे लपवलं असतं तर मी नक्की नाही म्हटलं असतं.

"आणि हे बंदच पडलं तर?" सासूबाईंनी विचारलं. त्यावर कागदाचा नकाशा आणि वही. दर तासाला वेळ, ठिकाण, दिशा आणि वेग लिहून ठेवायचा. तासाला पाच मैलांच्या वेगानं तीन तास गेलो तर पंधरा मैल. शेवटच्या खुणेपासून त्या दिशेला तेवढं मोजायचं. हा हिशेब सासूबाईंनी तोंडीच केला हो!

ह्यांचा आक्षेप निराळा. बायकांचं हे काम नव्हे, म्हणे. मी त्यांना गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'ची आठवण दिली. २०१७-१८ साली नौदलाच्या सहा मुली तिच्यातून पृथ्वीला फेरी घालून आल्या. वर्तिका जोशी त्यांची प्रमुख. पुढं २०२४-२५ मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच त्याच बोटीनं जगभर फिरून आल्या. ह्यांनी ऐकून घेतलं आणि वर्तमानपत्र उघडलं.

अजून ते "बघू" एवढंच म्हणतात. मी मात्र लेकीला होकार कळवून टाकला. वही मीच घेऊन दिली आहे, जाड पुठ्ठ्याची, आणि डझनभर शिसपेन्सिली. पेन नको म्हणाली, पाणी लागलं की शाई पसरते.