न पाहिलेल्या पानावरचा विषाणू

आमच्या इंदूरच्या जुन्या घराच्या मागील अंगणात एक मोगरा होता. फुले ओंजळी भरभरून येत. परंतु १९७३ च्या पावसाळ्यानंतर त्याच्या पानांवर पिवळसर कडी उमटू लागली. मी तेव्हा वनस्पतिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि लघुप्रबंधासाठी विषय शोधत होतो. घरच्या अंगणातच विषय उगवलेला पाहून मला आनंद झाला, हे कबूल करतो. आजीला मात्र तो मुळीच झाला नाही.

त्या काळी विषाणूचा शोध घ्यायचा म्हणजे रोगट पान खलात वाटायचे, रस गाळायचा, निरोगी रोपाच्या पानावर कार्बोरंडमची बारीक भुकटी भुरभुरवून तो रस बोटाने हलकेच चोळायचा आणि वाट पाहायची. रशियात इवानोव्स्की यांनी १८९२ साली आणि हॉलंडमध्ये बायेरिंक यांनी १८९८ साली तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणूही अडकतील अशा गाळणीतून गाळला. तरी गाळलेला रस रोग देतच राहिला. तेथून निघालेली ही वाट. आणि तिची पहिली पायरी म्हणजे डोळे. मुंबई इलाख्यातून कुलकर्णी यांनी १९२४ साली भेंडीच्या ज्या रोगाची नोंद केली, तो शेतकऱ्यांचा 'केवडा' किंवा 'हळद्या' पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या म्हणूनच ओळखू आला.

मी तंबाखू, चाकवत आणि चवळी यांच्या रोपांवर रस चोळला. एकाही पानावर डाग उठला नाही. 'विषाणूजन्य असण्याची शक्यता. अधिक तपास आवश्यक' एवढे लिहून मी प्रबंध सादर केला. अधिक तपास अर्थातच कोणी केला नाही. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, अंगणावर खोल्या चढल्या आणि मोगरा गेला.

गेल्या दिवाळीत नात घरी आली होती. ती पुण्यात जैवमाहितीशास्त्र शिकते. फराळाची ताटली बाजूला सारून म्हणाली, "आजोबा, मोगऱ्यात एक विषाणू सापडलाय. बहुधा नवा."

"कुठल्या बागेतल्या?"

"बाग माहीत नाही. मी झाड पाहिलेलंच नाही."

"पानांवर काय दिसत होतं?"

"पानही नाही पाहिलं, आजोबा."

न पाहिलेल्या रोग्याला रोग चिकटवणारा वैद्य मला प्रथमच भेटतो आहे, असे काहीसे मी तिरसटपणे बोललो. ती हसली, पण दुखावली असावी. रात्री तिने मला शेजारी बसवून सारे समजावून दिले.

परदेशातील काही संशोधकांना मोगऱ्याच्या सुगंधाचे रहस्य हवे होते. त्यांनी फुले वाटली, त्यांतील आरएनए वेगळा केला आणि त्याची अक्षरे यंत्राकडून वाचवून घेतली. यंत्र अखंड ओळ वाचत नाही. शंभर-दीडशे अक्षरांचे तुकडे वाचते, मात्र असे कोट्यवधी. सुगंधाची जनुके मिळाली, निबंध छापून झाला. नियतकालिकांचा आग्रह असतो, म्हणून सारे तुकडे 'सीक्वेन्स रीड आर्काइव्ह' या सार्वजनिक संग्रहात ठेवून दिले गेले. हा संग्रह अमेरिका, युरोप आणि जपान येथील संस्था मिळून सांभाळतात आणि तो कोणालाही खुला आहे. आता गंमत अशी की, फूल वाटताना केवळ फूल वाटले जात नाही. त्यावरची बुरशी, त्यात तोंड खुपसून गेलेला मावा, पेशींत दडलेला विषाणू, सारेच वाटले जाते, वाचले जाते आणि संग्रहात जाऊन पडते. ज्याने ठेवले त्याला त्याचा पत्ता नसतो.

नात त्या तुकड्यांची टोके जुळवून लांब ओळी तयार करते आणि त्यांत एकच खूण शोधते. आरएनए-विषाणूंना स्वतःच्या प्रती काढण्यासाठी एक विशिष्ट विकर लागते. वनस्पतींच्या विकरांहून ते वेगळे असते. आणि विषाणू एकमेकांपासून कितीही दुरावले, तरी त्याचा गाभा फारसा बदलत नाही. बहुतेकांत ग्लायसीन, ॲस्पार्टिक आम्ल आणि पुन्हा ॲस्पार्टिक आम्ल अशी तिकडी तेथे असतेच. ती दिसली की पुढचा तपास.

हे ऐकताना मला मोडी कागदांची आठवण झाली. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे रुमाल बांधून ठेवलेले असतील. पेशवे दप्तरातून रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ज्या कारकुनांनी ते कागद लिहिले, त्यांनी काही इतिहास लिहायला घेतला नव्हता. ते दाणागोटा आणि देणेघेणे लिहीत होते. दुष्काळ कधी पडला हे पुढच्या माणसाने त्यातून वाचले.

या नव्या दप्तराचा पसारा मात्र छाती दडपवणारा आहे. 'सेराटस' नावाच्या प्रकल्पात सुमारे ५७ लाख नमुन्यांचे तुकडे संगणकाने चाळले आणि १ लाख ३० हजारांहून अधिक नवे आरएनए-विषाणू पुढे आले. त्याचा निबंध २०२२ साली 'नेचर'मध्ये छापून आला. त्यापूर्वी ठाऊक असलेली संख्या १५ हजारांच्या आसपास होती. हे सारे वनस्पतींचे नव्हेत. परंतु अर्जेंटिनातील बेजेरमान व देबात आणि ऑस्ट्रेलियातील डिट्झगेन यांनी २०२१ साली याच वाटेने रॅब्डो कुळातील २७ नवे विषाणू दाखवून दिले. त्याच वर्षी आपल्या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील संशोधकांनी ब्राह्मीच्या उपलब्ध माहितीतून दोन नवे रॅब्डो-विषाणू वाचून काढले. या कामासाठी एकही नवे पान तोडावे लागले नव्हते.

माझ्यातला जुना मास्तर तरीही अडून बसला. रोपावर रोग उठवून दाखवल्याशिवाय विषाणू कसा मानायचा? त्यावर तिने सांगितले की केवळ अनुक्रमावरून विषाणूचे वर्गीकरण करता येईल, हे जाणकारांनी २०१७ सालीच मान्य केले आहे. मग तिने ढोबळी मिरचीचे उदाहरण दिले. तिच्यातील एंडोर्ना-विषाणू बियांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि झाडाला काहीही होत नाही. तेव्हा माझ्या लक्षात आले की आम्ही डोळ्यांनी शोधत होतो, म्हणून आम्हाला केवळ उपद्रवीच भेटले. निमूटपणे राहणाऱ्यांची खानेसुमारी आम्ही केलीच नव्हती.

पण तिच्या अडचणीही थोड्या नाहीत, आणि त्या तिने लपवल्या नाहीत. सापडलेला विषाणू मोगऱ्याचा की मोगऱ्यावरील बुरशीचा? की यंत्रात शेजारी वाचल्या गेलेल्या दुसऱ्याच नमुन्यातून सांडलेला? नोंदीत 'भाग : फूल' एवढेच होते, झाडाच्या प्रकृतीचा रकाना कोरा. तिने त्या संशोधकांना पत्र लिहिले. उत्तर सौजन्याचे होते : झुडूप केव्हाच काढून टाकले, पाने कशी होती हे कोणी पाहिले नाही. सुगंध शोधणाऱ्यांनी पाने का पाहावीत? तेव्हा तिच्या विषाणूच्या नावामागे 'संभाव्य' हे विशेषण लागले आहे, आणि ते बहुधा तसेच राहील.

म्हणजे माझ्याजवळ लक्षण होते, विषाणू नव्हता. तिच्याजवळ विषाणू आहे, लक्षण नाही. दोन्ही झाडे आता नाहीत, आणि ती एकाच रोगाची होती असे मानण्यास काडीचाही आधार नाही. तरी त्या रात्री मला झोप लागली नाही. 'अधिक तपास आवश्यक' लिहून मी मोकळा झालो होतो, हे पन्नास वर्षांनी टोचले.

सकाळी माळ्यावरून जुनी प्रयोगवही काढली. कसरीने कडा खाल्ल्या होत्या. पण ऑक्टोबर १९७३ च्या पानावर मोगऱ्याची तीन पाने चिकटवलेली सापडली. तपकिरी पडलेली, कडी मात्र ओळखू येण्याजोगी. शाईत तारीख, अंगणातील जागा, कितव्या पेरावरचे पान, सारे लिहिलेले. मला ते केवळ स्मृतिचिन्ह वाटले. नातीने वही माझ्या हातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. पॅरिसच्या संग्रहालयातील १९२८ सालच्या कसाव्याच्या वाळक्या पानातून विषाणूचा अनुक्रम अलीकडेच वाचता आला आहे, असे तिने सांगितले. वाळलेल्या पानात आरएनएचे तुकडे फार बारीक होतात. मिळेलच असे नाही.

तिने हातमोजे चढवले, एका पानाचा नखाएवढा तुकडा कापून कुपीत घातला, उरलेली दोन पाने तशीच ठेवली. मग कागद पुढे ओढून विचारू लागली : पाने वाळवली कशात? टीपकागदात. वही कुठे होती? आधी अडगळीच्या खोलीत, मग माळ्यावर.

"आणि चिकटवली कशानं, आजोबा?"

"खळीनं. मैद्याची, आई घरी करायची. किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायची."

"मैदा म्हणजे गहूही आला," ती म्हणाली, आणि तिने ते लिहून घेतले.