आपल्या मापाची काठी

आपल्या मापाचे कपडे सगळेच शिवून घेतात. पण आपल्या मापाची काठी करून घेणारा मी आमच्या सुलतानपुरात बहुधा एकटाच! ही काठी स्नूकरची. खेळ जन्मला १८७५ साली जबलपूरला, गोऱ्या अधिकाऱ्यांत. मला नाद लागला पुण्यात, नोकरीत असताना. १९५८ साली बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स पुण्यातच जन्मले, हे तेव्हा कोणीतरी अभिमानाने सांगितले होते.

कारागिराने माझा हात मापला. ॲश नावाच्या विलायती लाकडाचा दांडा, मुठीला काळेभोर आबनूस, टोकाला चामड्याची टिकली; लांबी ५८ इंच. क्लबातल्या काठीला दोष देता येतो. स्वतःची काठी हाती आली, की ती सबब संपते. हे तिचे खरे मोल!

आता माझा हात कापतो. काठी माळ्यावर असते. "काका, ही मला द्या ना!" पुतण्या म्हणतो. त्याचा हात माझ्याहून लांब. ती त्याला नेमकी बसायची नाही. तरी या पाडव्याला मी ती देणार आहे. माळ्यावर ती सरळ राहीलही. पण नुसते सरळ राहणे हे काही काठीचे काम नव्हे.