गाठ म्हणजे कॅन्सरच नव्हे

आमच्या सुनेच्या बाराव्या आठवड्यातील सोनोग्राफीत अंडाशयावर ६ सेंटिमीटरची गाठ दिसली. रक्तातले सीए-१२५ वाढलेले आले. घरात कुणी कॅन्सरचे नाव घेईना, पण मनात तेच. “गर्भ पाडा, पोरीचा जीव वाचवा,” असे नातेवाईक म्हणू लागले.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले. त्यांनी समजावले, की गर्भ टिकवणारे हार्मोन सुरुवातीला अंडाशयातील कॉर्पस ल्युटियम तयार करते. त्यातच कधी पाणी साचून गाठ होते. ती बहुधा चौथ्या महिन्यापर्यंत विरते. सीए-१२५ तर पहिल्या तीन महिन्यांत गरोदरपणामुळेही वाढते. गाठीत घट्ट भाग, आतून उंचवटे किंवा पोटात पाणी आहे का, हे महत्त्वाचे. सुनेला तसे काही नव्हते.

चार आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी ठरली. मध्येच अचानक जोराची कळ आली, उलट्या झाल्या, तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तडक यायचे, अशी ताकीद मिळाली. ते दिवस आम्ही दुआ करीत काढले. सोळाव्या आठवड्यात गाठ २ सेंटिमीटरवर आली. अल्हम्दुलिल्लाह!

सगळ्याच गाठी विरत नाहीत. काहींना शस्त्रक्रिया लागते. म्हणून भगिनींनो, तपासणी चुकवू नका. आणि एका आकड्यावरून गर्भाचा फैसलाही करू नका.